इर्जिकीचा वाटा

३ नोव्हेंबर, सोमवार

रविवार संपला तरी फार्महाऊसवाल्यांचा डीजे संपत नाही! तक्रार घेऊन तिघे दारात, आणि मी अजून तोंडही धुतलेलं नाही. पोलीस पाटील म्हणजे गावाची डोकेदुखीची गोळी. कुणीही यावं, पाण्याबरोबर गिळावी.

पाऊस लांबला, त्यामुळे भात अजून रानात उभं आहे. सगळ्यांचीच कापणी एकदम आली, माणूस कुठे मिळत नाही. त्यात आज वाडीभर एकच चर्चा. वरच्या बंगल्यातले डॉक्टर नाडकर्णी इर्जिक घालणार! शहरातल्या माणसाने इर्जिक! म्हणजे सगळ्यांनी मिळून त्यांचं रान कापायचं आणि त्यांनी सगळ्यांना जेवू घालायचं. डॉक्टर म्हणजे दवाखान्यातले नव्हेत, औषधं शोधणारे शास्त्रज्ञ. वर्षभर बंगल्यात एकटेच असतात. म्हातारा कोंडिबा लगेच म्हणाला, "मानूस रीत पाळतोय, जायाच पायजे."

जायचंच. मला पौडच्या पोलीस ठाण्यात बैठक आहे, विलास जाईल. (तोंडावर 'अहो', इथे विलास. वहीला कोण सांगायला जातंय!)

५ नोव्हेंबर, बुधवार

पौडची बैठक! साहेब तासभर बोलले, मी तासभर गुडघा चोळला.

संध्याकाळी घरी आले तर इर्जिकीचा वाटा आलेला. जो येऊ शकत नाही त्याच्या घरी वाटा पाठवायचा, हेही डॉक्टरांना कुणीतरी सांगितलेलं दिसतंय. मटण, भाकरी आणि घरटी एकेक गुळाची ढेप. शिवाय जे गेले त्यांना मनगटावर बांधायला काळं घड्याळ. विलास लहान पोरासारखं ते सारखं बघतोय.

इर्जिकीचा वाटा परत करत नाहीत आणि टाकतही नाहीत. ढेप डब्यात ठेवली. मला साखरेचा आजार, माझा चहा कोराच. विलासला मात्र सकाळचा चहा गुळाचा लागतो. चला, हिवाळ्याची सोय झाली.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

विलास रात्रपाळी करून आला. रोज येतो तेव्हा हिंजवडीच्या ट्रॅफिकने त्याचा पार चोथा झालेला असतो. कंपनीच्या पोरापोरींना गाडीतून घरोघर सोडायचं, चहा प्यायचा, भिंतीकडे तोंड करून झोपायचं. वर्षानुवर्षं मी त्याची पाठच बघत आले आहे.

आज झोपलाच नाही! चहा प्यायला आणि गोठ्याचे पत्रे ठोकायला चढला. मग भारे वाहिले. मग ओट्यावर माझ्याशेजारी बसून गप्पा! लग्नात माझ्या मामाचा फेटा विहिरीत पडला होता, ते आठवून दोघं पोट धरून हसलो.

"झोपा की जरा," मी म्हटलं.

"आगं, दमलोच न्हाई तर झोपू कशाला?"

मला इतकं बरं वाटलं की पुढे काही विचारलंच नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

वाडीला झालंय काय? सगळ्यांचं भात कापून झालं. झोडणी चालू आहे, खळ्यावर चढाओढ. कोंडिबाची पाठ दोन वर्षांपासून वाकलेली, तो तरण्या पोरांच्या पुढे भारे झोडतोय. भजनाला कुणी जांभई देत नाही. एकटी मी टाळ वाजवता वाजवता पेंगले. बायका हसल्या.

मीच एक दमलेली. देवा, मला काय झालंय?

विलासने डबल ड्युटी घेतली आहे. मालक खूश.

१२ नोव्हेंबर, बुधवार

कोंडिबा गेला.

खळ्यावर, भारा उचलता उचलता. हसत होता म्हणे. एकदम बसला आणि आडवा झाला. दवाखान्यातले म्हणाले, हृदय थकलं. वय झालं होतं.

आंघोळ घालताना त्याचे तळहात बघितले. कातडी राहिलेलीच नव्हती. लाल मांस दिसत होतं. त्याची बायको साळूबाई तेच धरून बसली होती. "हातात काय ऱ्हायलं न्हाई गं त्येच्या! आन् मला म्हनला, कुटं काय दुखतंय? येकदा सुदिक हाय म्हनला न्हाई!"

घरी आले ती सरळ विलासचे पाय बघायला. टाचेत खिळा घुसलेला. चप्पल फोडून आत. किती दिवसांचा कोण जाणे.

"व्हय का? मला कळलंच न्हाई," तो म्हणाला.

पक्कड घेऊन मी तो उपसला. त्याने पापणीही हलवली नाही. रडले मी.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

साळूबाईकडे बसायला गेले. तिच्याकडून कळलं की डॉक्टर रोज सकाळी यायचे, कोंडिबाच्या मनगटावरच्या घड्याळातले आकडे टिपून जायचे. तो गेला त्या दिवशी घड्याळ सोडवून घेऊन गेले. मयताला हात जोडायच्या आधी!

इर्जिकीला जेवलेल्या एकाही माणसाला झोप नाही. मी जेवायला नव्हते, वाट्यातलं मटणही विलासनेच संपवलं. मटणात काही घातलं असणार.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

दुपारी बंगल्यावर गेले. चढ चढताना गुडघ्याने जीव घेतला. वाटलं होतं ते नाकबूल करतील, मी आवाज चढवीन. तर त्यांनी खुर्ची दिली, पायाखाली स्टूल दिलं आणि सगळं स्वतःहून सांगितलं! खुशीत!

"ताई, वाडीत तुम्ही एकट्याच थकलेल्या दिसता. वाईट वाटतं."

"कोंडिबा मेला," मी म्हटलं.

"हो. वयस्करांना मात्रा कमी हवी. ती सुधारतो आहे."

सुधारतो आहे! जणू भाजीत मीठ जास्त झालं.

त्यांचा मुलगा हिंजवडीत कामाला होता. पहाटे कंपनीच्या गाडीतून घरी येताना ड्रायव्हरचा डोळा लागला. मुलगा गेला, ड्रायव्हरही गेला. तेव्हापासून या माणसाने झोपेशी वैर धरलं आहे. "थकवा म्हणजे शरीराची तक्रार, ताई. मी तक्रारच बंद केली. वीस तारखेपासून सगळ्या गावाची. मग खोऱ्याची. मग तिथली" — आणि हिंजवडीच्या टॉवरांकडे हात केला.

वीस तारीख! म्हणजे ते देवळाजवळ गावाला शुद्ध पाण्याचं यंत्र देणार आहेत ते! मांडवसुद्धा ठरलाय.

मी म्हटलं, "माझ्याकडे रोज तक्रारी येतात. मलाही वाटतं बंद व्हाव्यात. पण तक्रार बंद झाली म्हणून चोरी बंद होत नाही, डॉक्टर."

ते हसले. चांगलं हसू आहे त्यांचं, तेच वाईट. निघताना म्हणाले, "तुमचे मिस्टर ड्रायव्हर आहेत ना? आता त्यांचा डोळा कधीच लागणार नाही. तुम्ही तर माझे आभार मानायला हवेत."

खरं सांगते, उतरताना एका वळणावर मला ते पटलंसुद्धा होतं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

पौडला गेले. साहेब म्हणाले, "बाई, माणसं दमत नाहीत, ही तक्रार मी कोणत्या कलमात बसवू? पुरावा आणा. आणि वीस तारखेला मीही येतोय, मला आमंत्रण आहे."

सरपंच एकनाथ म्हणाला, "फुकाट यंत्र मिळतंय, त्यात तुमी खोडा घालू नगा."

विलासला सांगितलं. सगळं सांगितलं. मनगटावरचं काळं घड्याळ गोल गोल फिरवलं. मग म्हणाला, "उषा, इतक्या वर्सांनी मानसात आल्यावानी वाटतंय. दोन घटका तुझ्यासंगं बसाया मिळतंय. आन् तुला त्येच नगं?"

मला तेच तर हवं होतं.

१७ नोव्हेंबर

दमले. लिहवत नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

झालं एकदाचं.

मांडव, फीत, हार, सगळं झालं. पौडचे साहेब पहिल्या खुर्चीत. एकनाथने नळ सोडला. बायका हंडे घेऊन सरसावल्या. मी मध्ये घुसले, पेला भरला आणि नाडकर्णींपुढे धरला. नव्या पाण्याचा पहिला घोट देणाऱ्याने घ्यायचा, ही आमची रीत. विहिरीला तेच, बोअरला तेच. इर्जिकीची रीत पाळणाऱ्याला ही कशी चुकेल?

"घ्या, डॉक्टर."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांनी पेला हातात घेतला. ओठांपर्यंत नेला. आणि थांबले.

"घ्या की," एकनाथ म्हणाला.

पेला खाली ठेवला. मी पुन्हा भरला, पुन्हा धरला. टाळ्या थांबल्या. साळूबाईला मी आधीच सगळं सांगितलं होतं. ती पुढे आली, म्हणाली, "माज्या मालकाला चारलं ते तू का पीत न्हाईस रं?"

तेव्हा तो माणूस सगळ्यांसमोर रडायला लागला. "मला झोप हवी," म्हणाला. "तो झोपेतच येतो. माझा मुलगा. दुसरीकडे कुठे भेटत नाही तो मला. मी नाही पिऊ शकत."

हंडे आपोआप मागे सरकले. साहेबांनी टोपी घातली आणि उठले. त्यांना कलम सापडलं असावं.

साहेबांच्या जीपमध्ये बसताना नाडकर्णींनी मला जवळ बोलावलं. "ताई, मटणात काही नव्हतं. गुळात आहे. घरोघरच्या ढेपेत."

रोज सकाळी विलासला चहा कोण देतं? मी. माझ्या हाताने, वर "अजून थोडा घालू का" म्हणून.

"पण एकदम बंद करू नका," तो म्हणत होता. "सावकाश कमी करा. साठलेली झोप एकदम येते."

जाताजाताही आपला प्रयोग चालू ठेवायचा होता त्याला! मला काय खुळी समजला?

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळपासून घमेलं घेऊन घरोघर. उरलेला सगळा गूळ गोळा केला. इर्जिकीचा वाटा टाकायला कुणी तयार होईना, जो तो ढेप कपाळाला लावून, नमस्कार करून देत होता. साहेबांसाठी एक ढेप पिशवीत बांधून ठेवली, बाकी खड्ड्यात टाकून वर शेण आणि माती.

विलासला कोरा चहा दिला. त्याने तोंड वाकडं केलं. "गूळ संपला," मी म्हटलं. खरं सांगितलं असतं तर खड्डा उकरून काढला असता त्याने.

दुपारी ड्युटीला निघाला. "आज नका जाऊ," म्हटलं.

"का? दमलोय व्हय मी?" आणि जाताना माझ्या डोक्यावर टपली मारली. या वयात! शेजारीण बघत होती. डबल करून उद्या दुपारी येईल.

२२ नोव्हेंबर, शनिवार

वाडी झोपली आहे!

सकाळी उठले तर आवाज नाही. खळ्यावर माणसं पेंढ्यातच आडवी झालेली. एकनाथ ग्रामपंचायतीच्या पायरीवर, तोंड उघडं, चष्मा पोटावर. बायका ओसरीवर, सुपातलं भात सुपात. कोंबड्या दाणे टिपतायत, त्यांना हाकलायला मी एकटी. सगळी वाडी घोरतेय! किती गोड वाटला तो आवाज! साळूबाई एकटीच जागी होती. नवरा गेल्यापासून तिने चूल पेटवलेली नाही, चहा कुठला. तिची साठलेली झोप तेव्हाच येऊन गेली, आम्हाला वाटलं दुःखाने पडून आहे. ती म्हणाली, "झोपू दे बाई सगळ्यांना. गप पडू दे." आम्ही दोघी फिरून सगळ्यांच्या अंगावर गोधड्या घातल्या.

जिंकले म्हणायचं का याला? आज मला पहिल्यांदा दमल्याचं काही वाटत नाही. म्हणजे दमले आहेच, पण सगळ्यांबरोबर दमले आहे.

विलासचं अंथरूण घालून ठेवलंय. खिडकीला चादर लावली, उजेड नको. आज भिंतीकडे तोंड करून झोपला तरी चालेल मला. पाठ बघत बसेन.

फोन लावला. उचलला नाही. गाडी चालवत असेल.

२५ नोव्हेंबर

घोटवड्याच्या अलीकडे. भरदुपारी, सरळ रस्त्यावर. शेवटच्या मुलीला सोडून घरी यायला निघाला होता. गाडीत दुसरं कुणी नव्हतं. ब्रेक लावल्याची खूण नाही. साहेब म्हणाले, झोप लागली असावी.

नाडकर्णीने सांगितलं होतं मला. सावकाश, म्हणाला होता.

सगळे म्हणतात, उषा, जरा पड. पडते. दिवा घालवते. दिसला तर झोपेतच दिसेल.