पिवळ्या चिठ्ठीचं बिल

अण्णा, मी तुमच्यावर अजून रागावलेलो आहे, आणि हे ऐकायला तुम्हीच उरला नाहीत. तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली. एव्हाना राग निवायला हवा होता, पण कसलं काय!

पिंपरीच्या त्या पंपांच्या कारखान्यात तुम्ही मुख्य हिशेबनीस आणि मी तुमच्या हाताखाली नवा. ऑर्डर, माल आल्याची पावती आणि बिल, तिन्ही जुळली की सही कर, हे तुम्हीच शिकवलंत. दुपारी तुमच्याच टेबलावर डबा उघडायचा. वहिनींची शेंगदाण्याची चटणी निम्मी माझ्या पोळीवर वाढायचात. बाप गेलेल्या पोराला आणखी काय लागतं? माल तपासून खालून ज्या चिठ्ठ्या यायच्या, त्यांचं एकदा विचारलं तर म्हणालात, "हिरवी काय अन् पिवळी काय, खाली सही आहे ना? ग्रीसमध्ये कशाला हात घालतोस? आपण कागदाची माणसं." मला ते तेव्हा फार ऐटीचं वाटलं.

एके दुपारी माल तपासणारे चाचा जिना चढून वर आले. एका हातात पंपाचा ओतीव भाग, दुसऱ्या हातात पिवळी चिठ्ठी. "भाऊ, एकदा खाली या राव. तडा नखाला लागतो, बघा. हे बिल सोडू नका." मी तुमच्याकडे बघतो. तुम्ही चष्म्यावरून हसता, "चाचा, तुमचं काम खाली, आमचं वर." आणि मी सही करतो. पिवळी चिठ्ठी म्हणजे काम अडू नये म्हणून माल आत घेतलाय, पण खराब नग बदलून मिळेपर्यंत बिल थांबवायचं, एवढंही मला बी.कॉम. झालेल्या शहाण्याला माहीत नव्हतं. पैसे हातात पडल्यावर पुरवठादार कशाला फिरकतोय! तडे गेलेले भाग पंपांत बसले आणि पंप ट्रक भरभरून परत आले.

मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये बिलावरची सही माझी निघाली. मी तुमच्या तोंडाकडे बघत उभा. वाटलं, आता बोलाल. बोललात की! "साहेब, याला शंभरदा सांगितलं, आधी खाली जाऊन माल बघ. ऐकतच नाही." नोकरी गेली. तो पुरवठादार तुमचा साडू, हे महिन्याभरानं चाचांकडून कळलं.

पुढे भोसरीच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये लागलो. तिथल्या मालकानं मला खरेदीलाही पाठवलं आणि माल मोजायला गेजही हातात दिला. स्वस्तातला माल शेवटी महाग का पडतो, नग परत का जातो, हे तिथं समजलं, आणि माझे आधीचे हिशेब म्हणजे नुसत्या बेरजा होत्या हेही. हे शिकवायला तुम्हाला एक दुपार पुरली असती. तुम्ही मुद्दाम मला आंधळं ठेवलंत, आणि वर मीच डोळे मिटले म्हणून सांगितलंत.

हे पत्र मी फाडणार आहे. वहिनी अजून आहेत, त्यांच्या हाती लागायला नको. पण एक कबूल करतो. तुम्ही गेल्यावर घरी भेटायला आलो, तेव्हा त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "भावजी, खरं सांगा. यांनी तुम्हाला खाली जाऊन बघायला सांगितलं होतं ना?"

"हो वहिनी," मी म्हणालो, "शंभरदा सांगितलं होतं."