किडनी माझी, शाळा त्याची

४ मार्च, शुक्रवार

उठले एकदाचे सगळे निर्बंध! सकाळी बातम्यांत सांगितलं आणि दुपारपर्यंत रस्त्यावर ही गर्दी. समोरचा औषधवाला गुडघ्यावर बसून दुकानापुढच्या अंतर ठेवायच्या पिवळ्या पट्ट्या खरवडत होता. शीळ घालत! दोन वर्षांत त्याला हसताना पाहिलं नव्हतं. दात बरे आहेत त्याचे.

सलूनमध्ये पहिलं गिऱ्हाईक बँकेतले साहेब. खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाले, "काढा आता तो मास्क, सरकारनेच काढला."

मी म्हटलं, "सरकारच्या घरी माझा भाऊ राहत नाही."

मग त्यांच्याच कानामागचे केस कापताना मास्कची दोरी कात्रीत आली. मुद्दाम नाही. खरंच नाही! या दोन वर्षांत गिऱ्हाइकांच्या किती दोऱ्या मी कापल्यात, देव जाणे. चिकटपट्टी लावून दिली.

सगळे खूश आहेत. मी सोडून.

५ मार्च, शनिवार

रात्री झोप नाही. डोकं ताळ्यावर राहावं म्हणून सगळं नीट लिहून काढते.

भुंग्या — माझा धाकटा भाऊ. हे नाव मीच ठेवलं, लहानपणी लाकूड दिसलं की पोखरायला बसायचा म्हणून. मोठा होऊन शाळेत सुतारकामाचा मास्तर झाला. मग त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या आणि माझी एक त्याला बसवली. बसली! छान चालते. पण शरीराने ती परकी म्हणून हाकलून देऊ नये यासाठी त्याला जन्मभर गोळ्या, आणि त्या गोळ्यांनी अंगातली प्रतिकारशक्तीच झोपवून ठेवलेली. लशी सगळ्या झाल्या. रक्त तपासलं, तर लशीचा म्हणावा तसा परिणामच नाही. म्हणजे लोकांना आता जी साधी सर्दी, ती त्याला महागात पडू शकते.

म्हणून माझे नियम. मी खाली सलूनमध्ये, तो आणि आई वर. मी कपडे बदलल्याशिवाय वर जात नाही, वर मास्क काढत नाही, आणि जेवते खालीच, सलूनच्या मागच्या खोलीत, टॉवेलांच्या कपाटाशेजारी. भुंग्या मला हुकूमशहा म्हणतो. म्हणू दे.

८ मार्च, मंगळवार

भुंग्या शाळेत जायचं म्हणतोय.

जिन्याच्या वरच्या पायरीवर तो, खालच्या पायरीवर मी — आमच्या गप्पा अशाच होतात. म्हणाला, "ताई, पडद्यावर रंधा दाखवून दाखवून मीच रंधा कसा धरायचा ते विसरलोय. पोरांनी दोन वर्षांत एक फळी कापलेली नाही. माझ्यापुढे नुसती डोकी. हात दिसतच नाहीत कुणाचे."

मी म्हटलं, "आणि बंद वर्गात तीस पोरं शिंकली की?"

"मग काय, जन्मभर इथेच बसू?"

"माझी किडनी आहे ती. जरा विचारून फिरवत जा."

गंमतीत म्हटलं. नेहमीच म्हणते. एरवी तो हसतो.

११ मार्च, शुक्रवार

आज एक काम केलं. लिहायलाही जरा कसंसंच होतंय, पण केलं.

मोठ्या बाई केस कापायला आल्या — भुंग्याच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. डोकं भिजलेलं, निम्मे केस कापून झालेले, गळ्याभोवती कापड. अशा अवस्थेत माणूस नाही म्हणत नाही, हे मला या धंद्याने शिकवलंय. मी म्हटलं, "बाई, माझ्या भावाला एवढ्यात बोलावू नका. तो स्वतःहून नाही म्हणणार नाही. पण तब्येत अजून तशी नाहीये त्याची."

आरशातून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "तुम्ही म्हणताय तर पुढच्या वर्षी बघू. काळजी घ्या त्यांची."

कट मात्र झकास झाला. पैसे घेतले नाहीत. खूप दिवसांनी गाढ झोप लागणार.

१२ मार्च, शनिवार

बोंबललं सगळं.

बाई बिचाऱ्या भल्या. त्यांनी भुंग्याला फोन करून धीर दिला — "तुमच्या ताई बोलल्या मला. तुम्ही मुळीच घाई करू नका, सर."

तो जिना उतरून थेट सलूनमध्ये आला. दोन वर्षांत पहिल्यांदा! मास्क होता तोंडावर, पण डोळे असे की माझ्या हातातला कंगवा खाली पडला. खुर्चीत औषधवाला, त्याच्या अर्ध्या तोंडाला साबण.

"किडनी दिलीस, उपकार झाले," म्हणाला. "आता माझी नोकरीही तूच सांभाळणार का?"

एवढंच. वर गेला. औषधवाला म्हणाला, "राग शांत होईल हो." मी म्हटलं, "मान हलवू नका."

१५ मार्च, मंगळवार

बोलत नाही. अजिबात नाही. मी पायरीवर जाऊन बसते, तो आत रेडिओ मोठा करतो.

सगळे निरोप आईमार्फत. "ताईला सांग, भाजी पोचली." "त्याला सांग, गोळ्या संपत आल्यात का बघ." आई वर-खाली करून दमली. आज मधल्या पायरीवर बसकणच मारली तिने.

मला वाटतं, मी बरोबर आहे. बरोबर असून इतकं वाईट का वाटावं?

१९ मार्च, शनिवार

आई आज खाली आली. टॉवेलांच्या कपाटाशेजारी मी जेवत होते, तर दारात खुर्ची ओढून बसली. नजर माझ्या ताटावर.

मी म्हटलं, "बोल एकदाचं."

"तू त्याला सारखी माझी किडनी, माझी किडनी म्हणतेस."

"गंमत असते गं ती."

"तुला असेल. अगं, तुम्हा दोघांना मी अख्खं दिलंय. हात, पाय, डोकं, किडन्या — सगळं माझ्या पोटात तयार झालं. मी कधी म्हटलं का, जरा विचारून फिरवत जा?"

मी हातातला घास ताटात परत ठेवला.

मग म्हणाली, "मलाही त्याच्या जिवाची भीती वाटते. तुझ्याइतकीच. पण तो खिडकीपाशी उभा राहून शाळेच्या वेळेला पोरं जाताना बघतो, ते तू खाली असतेस म्हणून तुला दिसत नाही. मला दिसतं."

ती वर गेल्यावर रडले. चांगली रडले. नळ सोडून, म्हणजे वर ऐकू जायला नको.

२१ मार्च, सोमवार

आज सलून बंद असतं. शाळेत गेले. मोठ्या बाईंना सांगितलं — मी चुकले, त्याचं त्याला ठरवू द्या. त्या म्हणाल्या, "मला वाटलंच होतं. पण तुमच्या हातात कात्री होती!" दोघी हसलो. बरं वाटलं.

मग म्हटलं, त्याची कार्यशाळा तरी बघू द्या. आत गेले आणि वास आला — बंद लाकडाचा, धुळीचा, जुन्या सरसाचा. हवा जागची हलत नव्हती. सहा खिडक्या, सहाही बंद. ढकलून बघितल्या, हिसके मारले — एक उघडेना! बाई म्हणाल्या, सुट्टीत रंगवाल्याने फटींसकट रंग थापलाय, तेव्हापासून चिकटल्यात. इथे माझा भाऊ तीस पोरांसोबत उभा राहणार? माझं पुन्हा डोकं फिरलं.

पण या वेळी तोंड उघडलं नाही. सरळ घरी आले. पायरीवर बसले. रेडिओ मोठा झाला. मी त्याच्यावरून ओरडले, "भुंग्या, माफ कर! आणि तुझ्या कार्यशाळेच्या सगळ्या खिडक्या रंगाने चिकटल्यात!"

रेडिओ बंद.

"सगळ्या?"

"सहाच्या सहा."

"कुठल्या गाढवाने रंगवल्या?"

दार उघडलं. बोलला एकदाचा! खिडक्यांबद्दल का होईना.

२२ मार्च, मंगळवार

तह झाला. तासभर भांडून. आई पंच.

त्याच्या बाजूने — तो शाळेत जाणार. माझ्या बाजूने — पोरं एका वेळी अर्धीच, मास्क चांगल्यातला आणि नाकावर घट्ट, कुणी खोकलं तर त्या दिवशी तास अंगणात. ताप आला की लपवायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. खिडक्यांचं काय, विचारलं तर म्हणाला, "त्या उघडायच्या कशाला? झडपा बिजागरीतून काढूनच टाकतो. सुतारकामाचा पहिला धडा!"

मग माझ्याकडे बोट रोखलं. "आता माझी एक अट. तुझी वर्षाची तपासणी कधी झाली होती?"

मी म्हटलं, "मला काय धाड भरलीये!"

"किडनी दिलेल्या माणसाने दर वर्षी जायचं असतं. ही साथ आल्यापासून तू गेलेली नाहीस."

"दवाखान्यातून काही घेऊन आले असते तुझ्यासाठी, म्हणून नाही गेले."

"आता जा."

आई म्हणाली, "अट मान्य." मला कुणी विचारलंच नाही.

२८ मार्च, सोमवार

गेला शाळेत!

सकाळपासून मी तीनदा विचारलं, मास्क घेतलास? चौथ्यांदा विचारणार तेवढ्यात आईने हात दाबला.

सलून बंद, म्हणून गेले मागोमाग. शाळेच्या कुंपणापलीकडे झाडामागे उभी राहिले. (वय काय माझं! कुणी पाहिलं असतं तर पोलिसांना बोलावलं असतं.) पोरं अंगणात. भुंग्या मध्ये, हातात पेचकस. दोन-दोन पोरं एकेक झडप धरून चालत बाहेर येत होती, तो ओरडत होता, "काच आहे, काच! बूट बघत चालू नका!" सहाही खिडक्यांच्या झडपा उतरल्या. भिंतीला टेकवून ठेवल्या. मग सगळ्यांनी मिळून टाळ्या वाजवल्या, कशासाठी कोण जाणे.

मीही वाजवल्या. हळू. त्याचा आवाज किती मोठा आहे, विसरूनच गेले होते मी.

४ एप्रिल, सोमवार

आठवडा झाला. ताप नाही, खोकला नाही. रोज घरच्या घरी कोरोनाची चाचणी करतो आणि पट्टी खिडकीतून मला दाखवतो — एकच रेघ. कपड्यांना लाकडाचा भुसा. आईची कटकट सुरू, भुसा घरभर पाडतो म्हणून. काय गोड कटकट आहे!

एक पोरगा खोकला होता गुरुवारी. सगळा तास अंगणात घेतला. मला न विचारता. अट माझीच, पण आठवण करायला मी तिथे नव्हते; त्याला स्वतःलाच कळतं. हे मला आधी का सुचलं नाही, की जगायची घाई त्याला माझ्यापेक्षा जास्त आहे?

भीती गेलेली नाही. रोज असते, ठरलेल्या वेळी, तो फाटकातून बाहेर पडताना. मग गिऱ्हाईक येतं आणि मी कामाला लागते.

९ एप्रिल, शनिवार

दवाखान्यात जाऊन रक्त, लघवी देऊन आले. रक्तदाब दोनदा मोजला. नर्स म्हणाली, मंगळवारी डॉक्टरांना भेटा. भुंग्या म्हणतो, मीही येतो. मी म्हटलं, आत पाऊल टाकायचं नाही. म्हणाला, बाहेर आवारात बाकावर बसेन, तुझी परवानगी असेल तर!

दिली परवानगी.

१२ एप्रिल, मंगळवार

रक्तदाब बराच वर गेलाय. बहुतेक वर्षभर तरी असेल, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. किडनीवर जरासा ताण दिसतोय. एकच आहे ना. वेळेवर आलात, गोळीने आटोक्यात राहील, घाबरायचं कारण नाही, पण यापुढे मीठ कमी आणि तब्येतीला जपायचं. मी म्हटलं, "अहो, जपायचं माणूस बाहेर बाकावर बसलंय." त्या म्हणाल्या, "तिथे एक. इथे दुसरं."

बाहेर येऊन भुंग्याला सांगितलं. ओरडेल वाटलं. ओरडला नाही. उठला, माझ्या खांद्यावरची पिशवी काढून स्वतःच्या खांद्यावर घेतली. पुढे फाटकाकडे उतरायला पायऱ्या होत्या.

"ताई, हळू उतर," म्हणाला.

मी हळू उतरले.