श्वास धरून वाचायचा पारा

प्रिय आई,

नमस्कार, आणि आधी कान धरते. रोज लिहायला बसते, पण खिडकीतला ढग कधी उशी होतो, कधी आपली म्हातारी मांजर, आणि पत्र राहून जातं.

मी मजेत आहे, वेळेवर जेवतेय. हवामान केंद्रात काम मिळालंय. अंगणात झडपांची पांढरी पेटी आहे, तिच्या सावलीत तापमापक टांगलेला असतो. वाचताना श्वास धरायचा, नाहीतर आपल्या उबेनेच पारा चढतो. कालच केंद्राच्या बाई ओरडल्या, "अगं, हवेचं तापमान हवंय, तुझं नको!"

त्याच सांगतात, आजचं ऊन, आजचा पाऊस म्हणजे हवा. तीसेक वर्षांची सरासरी काढली की हवामान. एका वादळावरून हवामान ठरत नाही. ऐकताना मला बाबाच आठवले. मी निघाले तेव्हाचं त्यांचं "परत तोंड दाखवू नकोस" म्हणजे नुसती त्या दिवसाची हवा होती ना गं?

तुझे गुडघे कसे आहेत?

तुझीच,
भटकभवानी

ता. क. पाकीट बंद करणार तोच केंद्राचं फाटक वाजलं. बाबा आलेत! माझा पत्ता कुठून शोधला, देव जाणे. मला हाक मारायचं सोडून पेटी उघडून पाऱ्याला नाक लावून उभे आहेत. पारा चढत असणार, आणि मी काही त्यांना श्वास धरायला सांगणार नाहीये.