पहिला अंगठा

३ डिसेंबर
पोचले! खांडबाऱ्याहून निघताना अब्बांनी बजावलं होतं, आधी माणसं बघ, मशीन नंतर. माणसं तर सोन्यासारखी निघाली. हेमराजभाऊंचं केळी पिकवायचं केंद्र तापीकाठी, चार बंद खोल्या, घर लागूनच. त्यांच्या बायकोनं, प्रतिभाताईंनी, शेवभाजी वाढली आणि म्हणाल्या, "तू आते आमना घरनीच पोर शेस." मी तिथंच विरघळले.

काम एकच: तीन नंबरच्या खोलीचं कुलूप. दोन महिन्यांपूर्वी माझ्या आधीचा तंत्रज्ञ भूपेश आत अडकला. पिकणारी केळी खोलीतली हवा खाऊन टाकतात. तो गुदमरून गेला. सगळे म्हणतात, कुलूप आपोआप बसलं. तो बिघाड मी शोधायचा.

कुलपांवर अंगठा टेकवायच्या काचेभोवती सुकलेलं कुंकू होतं. पुसायला गेले तर ताई हसल्या. या घरात नवी वस्तू आली की पहिला हात घरच्या बाईचा. राहू दिलं.

५ डिसेंबर
कॅमेरे, गॅसमीटर, पंखे, कुलपं अशी नऊ यंत्रं आणि एक मुख्य संगणक. झालेल्या प्रत्येक गोष्टीचे तुकडे नऊही यंत्रं आपापसात वाटून जपतात. चोख काम. कुलूप दोनशे वेळा उघडलं-लावलं, एकदाही आपोआप बसलं नाही.

केळी आणि क्रेट धुणाऱ्या अनुसयाबाई भूपेशच्या आई. दर तासाला येऊन एकच विचारतात, "मन्हा पोऱ्याले मशीननीच मारं का?" कळलं की पहिलं तुम्हालाच सांगेन, असा शब्द दिलाय. बाईंना वाचता येत नाही. रेशनचा कागदही ताईंकडून वाचून घेतात.

८ डिसेंबर
ताई माझ्या केसांना तेल लावता लावता रडल्या. पोलिसांचं प्रकरण लोंबकळतंय, कुलूप आपोआप बसतं एवढं लिहून दे म्हणाल्या. तपासणी अर्धीच झाली होती. पण अम्मी गेल्यापासून माझ्या डोक्याला कुणी तेल लावलं नव्हतं. सही केली.

अनुसयाबाईंना सांगितलं, हो, मशीननंच. त्या क्रेट घासत राहिल्या. मला जेवण गेलं नाही.

१० डिसेंबर
मुख्य संगणकात भूपेशचे शेवटचे दोन दिवस कोरे आहेत. कुणीतरी पुसलेत. पण पुसणाऱ्याला नऊ यंत्रांकडचे तुकडे माहीत नव्हते. दिवसभर जुळवत बसले.

भूपेशनं संगणकावर लिहून ठेवलंय: केंद्रानं गावातल्या विहिरींवर बसवलेले पंप चालू-बंद करायचे डबे शेतकऱ्यांचं बोलणं ऐकतात आणि व्यापाऱ्याला पोचवतात. उद्या गावाला सांगणार.

दुसऱ्या दिवशी, अकरा चाळीस. खोली तीन बाहेरून बंद. नोंदणीतला पहिला अंगठा, नाव नाही.

पहिला म्हणजे मालकाचाच. हेमराजभाऊ! या घरात आता ताईच माझ्या.

११ डिसेंबर, सकाळ
ताईंना सगळं सांगितलं. त्यांनी छातीशी धरलं. दुपारी शहाद्याला पोलिसांकडे जाऊ म्हणाल्या, तोवर कुणाशी बोलू नको, अनुसयाबाईंशीही नको. तुकडे कुठं आहेत विचारलं. सांगितलं. तीनमधला गॅसमीटर काढून आण, पुरावा लागेल, म्हणाल्या. बोल्ट सोडवायचे पाने आणायला जातेय.

दुपार
दार बंद झालं.

आतली मूठ नाही. सकाळी होती — मी पाने आणेपर्यंत कुणीतरी —

फोन लागत नाही. भिंती जाड. गॅसमीटरवरचा आकडा चढतोय.

दाराच्या काचेत ताई! हाका मारल्या. हलल्या नाहीत. अंगठा पदराला पुसत होत्या.

कुंकू. पहिला हात घरच्या बाईचा. पहिल्याच दिवशी पाहिलं होतं मी, आणि तरी —

स्पीकरवरून विचारतायत, "आखो कोनले सांगं, बेटा?" आणखी कुणाला सांगितलंय, ते हवंय त्यांना. तेल लावतानाचाच आवाज. ताई, का? मी तुम्हाला आई —

माझी सही त्यांच्या कपाटात. कुलूप आपोआप बसतं. माझ्यामागेही तोच कागद दाखवतील.

डोकं जड. पानं फाडून क्रेटच्या तळाशी घालते. क्रेट अनुसयाबाईच धुतात.

अनुसयाबाई, मी खोटं सांगितलं. मशीननं नाही मारलं. मशीननं तर सगळं जपून — हा कागद अब्बांकडे, खांडबाऱ्याला — वाचून घ्यायला प्रतिभाताईंकडे