फुलपात्राच्या मापाचं भोक

नाना, भोक जमलं. अगदी गोल, कडेला एकही ढलपी न उडता, आणि तेही तुमच्या शेवटच्या सागवानी फळीत! तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना, म्हणून तारनाक्याच्या या फ्लॅटमध्ये, बाल्कनीतला भुसा तसाच ठेवून लिहायला बसले आहे.

झालं असं, की आईला फ्रिजचं पाणी सोसत नाही आणि माठ स्टुलावर डुगडुगतो. तिला घडवंची हवी होती, माठ बसेल असं एक मोठं भोक आणि शेजारी फुलपात्र अडकवायला एक लहान भोक असलेली. "सुताराला बोलव, उगी परेशान होऊ नको," असं ती म्हणत होती. पण फळी तुमची. गौलीगुड्याहून कुणाच्या पाडलेल्या घराचं दार आणून तुम्ही ती कापून ठेवली होती, आणि तसं लाकूड आता मिळायचं नाही. परक्या हाती द्यायला माझा जीव होईना. खरी धास्ती लहान भोकाची होती. फुलपात्राची कड बाहेर वळलेली, त्यामुळे भोक बेताचं असलं तर ते कडेवर लटकून राहतं. जरा सैल झालं की थेट फरशीवर, आणि फळी वाया.

अंबरपेठच्या घरी रविवारी तुम्ही ड्रिल बाहेर काढायचात. मी तेव्हा कॉलेजात होते. कुठंतरी वाचून जाड हातमोजे घातले, मोठ्या ऐटीत उभी राहिले, आणि तुम्ही ओरडलात, "काढ आधी ते! फिरत्या मशीनजवळ मोजे? अडकले तर हात ओढून नेईल." मग ओढणी उतरवायला लावलीत, घड्याळही, आणि वेणी आत खोचायला सांगितलीत. डोळ्यांवर चष्मा मात्र चढवायचाच. मी तोंड फुगवून उभी आहे आणि तुम्ही फळी दोन बाकांवर आडवी टाकून दोन्ही टोकांना क्लॅम्प आवळता. "हातानं धरायचं नक्को. दाते अडकले की फळीच गरगर फिरते," म्हणता. ड्रिलला ती दातेरी वाटी, होल-सॉ, लावता, सावकाश चालवता. मधली टोकदार पिन खालून डोकावली की थांबता, फळी उलटी करता आणि उरलेलं त्या बाजूनं कापता. कड कुठंही फाटत नाही. वाटीतून निघालेली लाकडाची चकती तुम्ही गरम गरम माझ्या तळहातावर ठेवता.

आज सगळं तसंच केलं. माठाचं भोक मोठं, म्हणून खिळा आणि सुतळी घेऊन वर्तुळ आखलं, रेघेच्या आत ड्रिलनं वाट करून दिली, तिच्यातून जिगसॉचं, त्या विजेच्या करवतीचं, पातं घातलं आणि हळूहळू फिरवत नेलं. हात फळीखाली जाऊ दिला नाही, पातं थांबेपर्यंत मशीन उचललं नाही. एका जागी रेघ सुटली, पण माठ बसला! मी एकटीच टाळ्या पिटल्या. मग होल-सॉ लावून आधी प्लायच्या तुकड्यावर भोक पाडून पाहिलं. फुलपात्र झकास लटकलं. आता फळी, म्हणून वळले, तर दारात आई. मशीन सुरू झालं की आतल्या खोलीत निघून जाणारी आई. हात साबणानं ओले आणि मनगटं मोकळी.

तुम्ही गेलात तेव्हा आत्या आईच्या पाटल्या उतरवायला आली होती, आणि आईनं दोन्ही हात पदराखाली घेऊन "नक्को" म्हटलं होतं. तेव्हापासून त्या कधीच निघाल्या नव्हत्या.

"अगं, हे काय?"

"तुझ्या नानांना किती म्हटलं, मला एकदा चालवू द्या. पाटल्या काढ म्हणायचे. सवाष्णीनं मोकळ्या हातानं उभं राहायचं होय? मग राहिलंच ते." तिनं पदर खोचला. "दे इकडं. कसं धरायचं, सांग."

नाना, तिला मशीनचा आवाज सोसत नाही असंच मी इतकी वर्षं समजत होते. शेवटची फळी आणि सत्तरी ओलांडलेले हात! नाही म्हणणार होते, पण तिचा चेहरा पाहिला आणि जाऊ दे फळी, असं म्हणून ड्रिल तिच्या हाती दिलं. चष्मा चढवला, एक हात बाजूच्या दांड्यावर ठेवायला लावला, क्लॅम्प पुन्हा आवळले आणि तिच्या पाठीशी उभी राहिले. "दाबू नको, मशीनचं वजनच पुरे," मी सांगत होते. ती कुठलं दाबतेय! भाकरी थापताना असते तशी शांत होती. पिन डोकावली, तिनं स्वतःच थांबवलं, मी फळी उलटली, आणि चकती सुटली. फुलपात्र कडेवर असं बसलं की हलवून पाहिलं तरी ढळेना. "हौ!" आई एवढ्या जोरानं ओरडली की खालचा वॉचमन वर बघायला लागला. तिचं भोक माझ्यापेक्षा सरस आलंय, हे मीच तिला दोनदा सांगितलं.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून एक लिहून ठेवते. तिनं क्लॅम्प सोडून फळी उभी केली तेव्हा तिचे ते रिकामे हात मला बघवेनात. तुम्ही आजच गेलात असं वाटलं, आणि मी भुशाचं निमित्त करून डोळे पुसले. आईला कळलं नाही. ती त्या भोकाला डोळा लावून माझ्याकडे बघत हसत होती.