बायकोच्या कमरेचा बेल्ट

३ मार्च, सोमवार
बायकोचा सातवा महिना संपत आला. कंबर दुखते, ओटीपोटात ओढल्यासारखं होतं, अशी तक्रार. चष्म्याच्या दुकानात काउंटरला असते, म्हणजे दिवसभर उभी. डॉक्टरांनी फिजिओथेरपिस्ट बाईंकडे पाठवलं. बाईंनी बेल्ट दिला. रुंद इलॅस्टिक, मागे जाड पट्टी, पुढे वेल्क्रो. पोटाच्या खालून घ्यायचा, कमरेवर टेकवायचा. उभं राहताना, चालताना लावायचा. बसताना, झोपताना काढायचा. एवढं सांगायला बाईंना अर्धा तास लागला.

मी ऐकून घेतलं. पण वजन या विषयात मला कोणी शिकवू नये. टाइल्सच्या गोडाऊनमध्ये अकरा वर्षं सेफ्टी सुपरवायझर आहे. खोकं कसं उचलायचं ते हमालांना मीच शिकवतो. (स्वतः उचलत नाही. शिकवणाराच उचलायला लागला तर शिस्त राहत नाही.)

संकल्प: बायकोला बेल्टची सवय लागू द्यायची नाही.

४ मार्च
बायको बेल्ट लावून कामावर गेली. संध्याकाळी म्हणाली, कितीतरी दिवसांनी दुकान बंद होईपर्यंत उभी राहू शकले. नेमका हाच धोका आहे, हे तिला समजावलं. स्नायू आळशी होतात. बेल्ट तपासणीसाठी ताब्यात घेतला. माझ्या कपाटात, स्वेटरखाली.

६ मार्च
बायकोने दोनदा बेल्ट मागितला. तपासणी चालू आहे, म्हणून सांगितलं. त्याऐवजी तक्ता करून फ्रिजवर लावला. पाठ सरळ, गुडघ्यात वाक, उठताना श्वास सोडणे. बायकोने फ्रिजला हात टेकून तक्ता वाचला. हात काढायला सांगितलं.

११ मार्च, संध्याकाळी ७
मोठी प्रगती. बायको आता जिना बसून चढते. जिन्याकडे पाठ करायची, पायरीवर बूड टेकायचं, हातांनी रेटा देऊन वरच्या पायरीवर जायचं. हे तक्त्यात नव्हतं. स्वतः शोधून काढलं. तिसरा मजला, अठरा मिनिटं. मी वरून घड्याळ लावलं होतं. उद्याचं लक्ष्य सोळा.

खालच्या मजल्यावरचे रिटायर्ड प्लंबरकाका म्हणाले, निदान तिची पिशवी तरी घ्या. मी म्हणालो, त्याने तिचा तोल बिघडेल. जुन्या लोकांना शास्त्र कळत नाही. पिशवी तेच घेऊन आले.

१६ मार्च, रविवार
मोठी मेहुणी, म्हणजे बायकोची थोरली बहीण, येऊन गेली. लोकांना मोटार चालवायला शिकवते. समोरचा बोलत असतो तेव्हाही तिचा पाय खाली ब्रेक शोधत असतो. चार मिनिटांत तिने कपाटातून बेल्ट काढला. मी आज देणारच होतो. तसं सांगितलंही. बायकोला उभं करून तिनेच तो नीट लावला.

बायको या खोलीतून त्या खोलीत दोनदा जाऊन आली आणि थोडी रडली. मग दुपारी दोन तास गाढ झोपली. तक्त्याचा परिणाम असा उशिराच दिसतो.

निघताना मेहुणी म्हणाली, "एक दिवस पोटाला वजन बांधून फिरून बघ." टोमणा होता. पण चांगली कल्पना शत्रूकडूनही घ्यावी, एवढा मोकळा मी आहे.

२३ मार्च, रविवार, सकाळी ९
प्रयोग सुरू. नऊ किलो वाळू पिशवीत भरून चादरीने पोटाला बांधली. बायको आठ तास उभी राहते, मी दहा राहणार. नंतर गोडाऊनमध्ये या विषयावर भाषण. मुद्दे काढून ठेवले आहेत.

९.३५
मोजा खाली पडला. उचलायला वाकलो.

११ वाजता
हे जमिनीवर आडवं पडून लिहितोय. चादरीची गाठ बायकोने सोडली. तिला माझ्याजवळ खाली बसायला वेळ लागला, उठायला त्याहून जास्त. मी धीर देत होतो. निष्कर्ष असा की गरोदरपणाचं वजन बायकांच्या अंगाला सोसतं. तेच वजन पुरुषाच्या अंगावर कितीतरी पट जास्त पडतं. हे आजवर कुणाच्या लक्षात कसं आलं नाही.

२४ मार्च
रजा. बायको गरम पाण्याची पिशवी भरून देऊन कामावर गेली. संध्याकाळी आली आणि बेल्ट काढून पाय वर घेऊन बसली. बेल्ट नुसताच पडला होता. तपासणी मागे अर्धवट राहिली होती, म्हणून लावून पाहिला. माझ्या पोटावरून वेल्क्रो जेमतेम टोकाला पोचलं. पण पाच मिनिटांत कमरेवरचा डोंगर उतरला. इतकी उपयोगी वस्तू आहे, तर बाईंनी स्पष्ट सांगायला काय झालं होतं?

२५ मार्च
सकाळी बायकोने बेल्ट मागितला. संध्याकाळी देतो म्हणालो.

"मला दिवसभर उभं राहायचं असतं रे," ती म्हणाली.

मी म्हणालो, मलाही उभंच राहायचंय, तेच तर जमत नाहीये. ती दाराच्या चौकटीला टेकून थोडा वेळ थांबली. मग गेली. समजूतदार आहे. दुसरी असती तर भांडली असती.

२७ मार्च
रिक्षाने फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेलो. दुसरा बेल्ट मागवा म्हणालो. म्हणाल्या, त्याच मापाचा बारा दिवसांनी येईल. मग माझी कंबर दाबून पाहिली. साधी उसण भरली आहे, चालत राहा, बेल्टची गरज नाही. शर्टाखाली कुणाचा बेल्ट लावलाय, असंही विचारलं. घरचाच आहे, असं सांगितलं. बाई माझ्याकडे बघत राहिल्या. परत येताना कंबर जास्त दुखली. डॉक्टर बदलावा का, याचा विचार करतोय.

संकल्प: दुसरा बेल्ट आला की पहिला त्याच दिवशी बायकोला. एक तासही उशीर नाही.

१ एप्रिल
कामावर हजर. वरच्या रॅककडे हात करून सूचना देत होतो तेव्हा शर्ट वर गेला. बेल्टवर पोट पुढे आलेल्या बाईचं चित्र छापलेलं आहे, ते सगळ्यांनी पाहिलं. हमालांनी लगेच खुर्ची आणून दिली. एकाने कितवा महिना म्हणून चौकशी केली. एकाने काय खावंसं वाटतंय ते विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच यांनी माझी चौकशी केली. दुपारपासून सगळे मला वहिनी म्हणतात. गोडाऊनमध्ये एकदम घरच्यासारखं वातावरण झालंय.

८ एप्रिल
बेल्ट आला. बारा म्हणजे बरोबर बाराव्या दिवशी. ठरल्याप्रमाणे जुना तासाभरात बायकोला दिला. तिच्या अंगाला त्याची सवय आहे. नवा मी ठेवला. जुना थोडा सैल पडलाय आणि वेल्क्रो धरत नाही, पण सेफ्टी पिना लावल्या की काम होतं. पिना मी स्वतः शोधून दिल्या.

बायकोने पिना हातात घेतल्या, मोजल्यासारखं केलं आणि त्यांतल्या दोन परत दिल्या. म्हणाली, तुझ्या शर्टाचं बटण तुटलंय, तिथे लाव.

१५ एप्रिल, दुपारी
दुकानातून फोन. बायको वरच्या खणातल्या फ्रेम काढायला छोट्या स्टुलावर चढली होती. उतरताना बेल्ट घसरून मांड्यांवर आला आणि पाय अडकला. कुशीवर पडली. हॉस्पिटलमध्ये नेलंय. फार काही नसावं.

१५ एप्रिल, संध्याकाळी ६
बाळ ठीक आहे. मशीन लावून त्याच्या हृदयाचे ठोके ऐकवले. घोडा पळत सुटावा तसे. ऐकताना माझे हातपाय गार पडले. कमरेचीच शीर असणार.

डॉक्टरांनी बेल्ट हातात घेऊन ताणून पाहिला. फिजिओथेरपिस्ट बाईंनाही बोलावून घेतलं. हा एवढा सैल कुणी केला, असं डॉक्टरांनी विचारलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. बायकोनेही माझ्याकडे पाहिलं. माझ्या शर्टाखाली नवा बेल्ट होता. त्याचं वेल्क्रो थोडं जरी हललं तरी कर्रकन वाजतं, म्हणून मी श्वाससुद्धा घेतला नाही. भिंतीवर हात धुण्याच्या पायऱ्यांचं पोस्टर होतं. ते सगळं वाचून काढलं. सहा पायऱ्या आहेत.

"माझ्याच हातून झाला," बायको म्हणाली.

डॉक्टर तिला रागावले. स्वतःची नाही तर बाळाची तरी काळजी घ्यावी, वगैरे. मलाही त्यांचं म्हणणं पटलं.

१६ एप्रिल
बायको घरी आली. तीन आठवडे सक्तीची विश्रांती. नवा बेल्ट काढून तिला द्यायचाच होता. काढायला घेतलाही होता. तेवढ्यात मोठी मेहुणी तिसरा बेल्ट आणि स्वतःची बॅग घेऊन राहायलाच आली. आता माझा काढण्यात अर्थ नाही.

२४ एप्रिल
मेहुणी स्वयंपाक करते, बायकोचे पाय दाबते, तिला आंघोळीला घेऊन जाते. मी देखरेख करतो. आज बायको कितीतरी दिवसांनी मोठ्याने हसली. मी खोलीत गेलो तेव्हा दोघींचं बोलणं संपलं होतं. कशावर हसत होता, विचारलं. काही नाही, म्हणाल्या.

३ मे, शनिवार, रात्री ८
सकाळी सहाला कळा सुरू झाल्या. मी अजिबात घाबरलो नाही. घाईत पायरी चुकली आणि कंबर पुन्हा धरली, तो भाग वेगळा. मला बसवेना, म्हणून मेहुणीच्या गाडीत मागच्या सीटवर आडवा झालो. बायको पुढे बसली. खड्डा आला की दोघंही ओरडत होतो. मेहुणीने एकदा आरसा हलवून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा सरळ केला.

हॉस्पिटलच्या दारात वॉर्डबॉय चाकाची खुर्ची घेऊन धावत आला. मी त्या वेळी कण्हत उतरत होतो. त्याने मला बसवलं. बसलो. अशा वेळी हुज्जत घालून वेळ घालवू नये. बायको बहिणीच्या खांद्याला धरून मागून चालत आली. लिफ्टमध्ये त्याने विचारलं, पेशंट कोण? मी म्हणालो, तसे दोघंही. मेहुणीने खुर्ची पुढे कलती केली.

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी मुलगी झाली. मी तळमजल्यावर इंजेक्शन घेऊन पडलो होतो. साडेतीनला बातमी कळली. साफसफाई करणाऱ्या बाईंनी सांगितली.

७ मे
बायको हॉस्पिटलमधून परस्पर बहिणीकडे गेली. चार दिवस, असं मी धरतोय. घर नीट करून ठेवायचं. पाळणा कुठे ठेवावा याचा तक्ता तयार.

संकल्प: बाळाचं सगळं मी बघणार. रात्रीची पाळी माझी. जिन्याने तिला आणि बाळाला धरून वर आणणार.

११ मे, रविवार
प्लंबरकाकांच्या स्कूटरवरून मेहुणीकडे गेलो. काका खाली सोडून निघून गेले. बायको पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. केस धुतले होते. मुलगी मांडीवर. मला घ्यायला दिली. मान धर, म्हणाली. दोन-तीन मिनिटं घेतली. मुलीने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि मिटले. मग कमरेत कळ आली म्हणून परत दिली. पुन्हा घेतोस का, असं कुणी विचारलं नाही.

मी तक्ता दाखवला. आता दुखणं थांबलंय, तर बुधवारपर्यंत घरी ये, म्हणालो.

"दुखायचं थांबलंय," बायको म्हणाली. "म्हणूनच येत नाहीये."

आवाज चढलेला नव्हता. मेहुणीने पाण्याचा ग्लास दिला आणि मी पाणी संपवेपर्यंत समोर उभी राहिली. मग ग्लास घेऊन तिने दार उघडलं.

खाली आल्यावर लक्षात आलं, बस स्टॉप कुठे आहे ते विचारायचं राहिलं. परत वर गेलो. बेल वाजवली. आत बोलणं थांबलं. पुन्हा वाजवली. मुलगी रडायला लागली. बायकोची पावलं दारापर्यंत आल्यासारखी वाटली. मग आतून मेहुणीचा आवाज आला, अगदी हळू.

"थांब जरा. जाईल तो."

गेलो.