चहा न घेता गेलेली बाई

आई, साड्यांच्या घड्यांत गुंडाळून साताऱ्याहून आणलेले तुझे निळ्या काठाचे कप अजून माझ्याकडे आहेत. दोनच उरलेत. बाकीचे फुटले, आणि फोडले बहुतेक मीच. आज ते कपाटातून बाहेर काढले आणि तुझ्यावर इतकी चिडले की म्हटलं, एकदाचं बोलूनच टाकावं. तू जाऊन किती वर्षं झाली, पण आपलं भांडण काही मिटलेलं नाही.

इथला, अमेरिकेतल्या ॲन आर्बरमधला तो हिवाळा आठव. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून तुझा उजवा हात आणि पाय तुझं ऐकेनासे झाले होते. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, तुझा जावई मोटारींच्या कारखान्यात, आणि तू दिवसभर घरात एकटी. एका संध्याकाळी मी घरी आले तर तू बाथरूमच्या फरशीवर पडलेली. मला बघून म्हणालीस, "आलीस? जरा टेकले होते." टेकले होते म्हणे! अंग गार पडलं होतं तुझं. त्याच आठवड्यात तुझा जावई पहिल्यांदा म्हणाला, "आता नर्सिंग होम बघून ठेवायला हवं." मी तुला न सांगता एक बघूनही आले. लांबलचक कॉरिडॉर, भिंतीकडेने खुर्च्यांत बसवून ठेवलेली माणसं. तिथे तुझ्याशी मराठीत बोलणारं कोणी नसणार होतं आणि वरणभात तर सोडूनच दे. गाडीत बसून मी रडले आणि मग घरी आले.

हॉस्पिटलमधल्या सोशल वर्करने तेव्हा ती नवी योजना सांगितली. सरकारी खर्चाने मदतनीस बाई घरी येते, आंघोळ घालते, जेवायला वाढते, दिवसभर सोबत बसते. पण ज्याच्याकडे पैसाअडका नाही आणि नर्सिंग होममध्येच ठेवावं लागेल इतकं ज्याचं अडतंय, त्यालाच ती मिळते. तुझ्या नावावर इथे काहीच नव्हतं, तेव्हा पैशाच्या बाजूने तू नियमात बसत होतीस. उरली फक्त तपासणी. सरकारची नर्स घरी येऊन तुला काय काय जमत नाही ते बघणार होती. मी तुला हे सगळं नीट समजावलं, तर तू म्हणालीस, "म्हणजे मुलगी बघायला येतात तसं." मी म्हटलं, "हो, फक्त इथे नापास झालं तरच पसंत." दोघी हसलो. तुला कळलंय असं मला वाटलं.

तुला कसलं कळतंय! त्या दिवशी सकाळी तू जांभळी इरकल काढायला लावलीस. मीच ती तुला नेसवली, मीच वेणीफणी केली, अंबाडा घातला, तुझा उजवा हात उचलून ब्लाउजच्या बाहीत मीच घातला. पलंगाजवळची कमोडची खुर्ची बघून तू म्हणालीस, "पाहुणी येणार आणि हे असं मधोमध?" मी ती उचलून क्लॉझेटमध्ये ढकलली. आपल्याकडे कोणी येणार म्हटलं की हात आधी आवरायला लागतात, डोकं मागाहून येतं. मग शिरासुद्धा केला. नर्स आली, तिने दाराशी बर्फाचे बूट काढले आणि लोकरीच्या मोज्यांवर आत आली. तेवढ्यावर तू तिला पास करून टाकलंस. "चांगल्या घरची दिसते," हळूच मला म्हणालीस.

कपडे स्वतः घालतात का, तिने विचारलं. तू म्हणालीस, "हो." आंघोळ? "हो, सांग तिला." मी इंग्रजीत खरं सांगायला लागले, तर तुला शब्द नाही पण सूर बरोबर कळला. "नो, नो," तू मान हलवून तिला म्हणालीस, "आय डू." इथे येऊन शिकलेलं होतं नव्हतं ते सगळं इंग्रजी तू त्या एका कामाला लावलंस. आणि मग टेबलाचा आधार घेत उठलीस. मी उठायला लागले तर दातांतल्या दातांत म्हणालीस, "बस खाली." डाव्या हाताने आलं किसून चहा केलास आणि निळ्या काठाच्या कपात, बशीसकट, एक थेंब न सांडता तिच्यापुढे आणून ठेवलास. तिने मागून आणखी घेतला. ती गेल्यावर तू पलंगावर कोसळलीस ती दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उठली नाहीस. इरकलही मी तशीच झोपेत सोडवली.

पत्र आलं. ही व्यक्ती स्वतःची काळजी स्वतः घेऊ शकते, सबब पात्र नाही. ते मराठीत सांगितलं तेव्हा तुझा चेहरा असा फुलला, जणू मॅट्रिकचा निकाल लागला. "पुन्हा वाच," म्हणालीस. मी ओरडले, "आई, तू पास झालीस म्हणून आपण बुडालो!" त्यावर तू शांतपणे म्हणालीस, "झाकली मूठ सव्वा लाखाची. परक्या बाईपुढे उघडून दाखवू?" आणि मी म्हटलं, "मग जा नर्सिंग होममध्ये आणि तिथे ठेव झाकून." तुला तिथे पाठवायचं तोपर्यंत तुझ्यासमोर कोणी बोललेलं नव्हतं. तू खिडकीकडे तोंड केलंस.

आम्ही पुन्हा अर्ज केला आणि तीच नर्स पुन्हा आली. या वेळी तू गाऊनमध्ये आहेस, केस मोकळे, कमोड पलंगाजवळ. नर्स दाराशी बूट काढते, तुझ्याकडे बघून हसते, तू हसत नाहीस. केस विंचरता येतात का, ती विचारते आणि कंगवा पुढे करते. तू माझ्याकडे बघतेस. मग उजवा हात उचलतेस. तो खांद्यापर्यंत येतो आणि तिथे थरथरत राहतो. तू तो खाली घेत नाहीस, तिला नीट दिसेपर्यंत तसाच धरतेस. मग म्हणतेस, "सांग तिला. नाही जमत." मी इंग्रजीत सांगते. माझाच आवाज मला नकोसा होतो.

नर्स लिहून घेऊन गेली. दार लागलं, बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. मला वाटलं, आता तू मला बोलशील, आणि बोलायलाच हवं होतंस. पण तू म्हणालीस, "एवढ्या बर्फातून आली बिचारी आणि घोटभर चहाही न घेता गेली." आणि रडायला लागलीस. बाबा गेले तेव्हाही तू माझ्यासमोर रडली नव्हतीस.

मदतनीस मिळाली. आडव्या अंगाची, खळखळून हसणारी बाई, तुझे पाय गरम पाण्यात ठेवून चोळायची. तू शेवटपर्यंत घरीच राहिलीस, तुझ्याच पलंगावर गेलीस. तुझा जावई म्हणायचा, आपण जिंकलो. मीही तसंच म्हणते लोकांना. पण त्या दिवसानंतर तू इरकल मागितली नाहीस, आणि स्वयंपाकघरात तुझं पाऊल पडलं नाही. तुझ्याकडून एवढी किंमत घेऊन मी तुला घरात ठेवलं, हे बरोबर केलं का, ते मला अजून सांगता येत नाही. तुला विचारायची हिंमत कधी झाली नाही.

उद्या माझी तशीच तपासणी आहे. माझे हात आता कापतात, दोनदा जिन्यात पडले. माझ्या मुलाला ही सगळी गोष्ट पाठ आहे, तुझ्या हट्टाची गंमत म्हणून मीच त्याला सांगत आले. दुपारी त्याचा फोन आला. "मॉम, डोंट क्लीन एनीथिंग. अँड नो टी, ओके?" मी म्हटलं, ओके.

हे तुला पोचणार नाही, म्हणून तुला तेवढं सांगते, त्याला सांगणार नाही. कप धुऊन, पुसून ठेवलेत. आलंही किसून ठेवलंय. किसताना बोट सोललं, पट्टी लावलीय. नर्सबाईने विचारलं तर म्हणेन, दारात लागलं.